दार बंद झाले त्या दिवशी

वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास परीक्षांचे निकाल लागू लागले म्हणजे आपल्या घरांतून दोन प्रकारची हवा वाहू लागते. ज्या घरी इच्छिलेले यश आले तेथे पेढे वाटले जातात. ज्या घरी ते आले नाही तेथे बोलण्याचा आवाज खाली येतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस काय सांगावे याचा विचार मुलाच्या विचाराआधी सुरू होतो. अशा वेळी कोणी सुज्ञ आप्त थोर पुरुषांचे एखादे चरित्र मुलाच्या हाती ठेवतो. ‘पाहा, यांच्यावरही संकटे आली; पण यांनी धीर सोडला नाही,’ असा उपदेशही होतो. मुलगा पुस्तक घेतो, मान हलवतो आणि पुस्तक न उघडता उशाशी ठेवून देतो.

अशा चरित्रांस आम्ही नावे ठेवीत नाही. शाळेच्या पारितोषिक-समारंभासाठी ती निवडण्याचे काम आम्ही कित्येक वर्षे केले आहे. परंतु ती वाचण्याची आपली रीत आम्हांस सदोष वाटते. संस्कृत व्याकरणात क्रियेच्या सिद्धीस जे जे साहाय्यभूत होते त्यास कारक म्हणतात, आणि अशी कारके सहा सांगितली आहेत. कर्ता हे त्यांतील केवळ एक. ज्याच्या साह्याने क्रिया घडते ते करण, ज्याच्या आधारावर घडते ते अधिकरण, आणि जेथून वियोग होतो ते अपादान. आपण चरित्र वाचतो तेव्हा कर्त्यावर इतके लुब्ध होतो की उरलेली कारके आपणांस दिसतच नाहीत. ज्या दिवशी त्या कर्त्यापुढे एखादे दार बंद झाले, त्या दिवशी त्याच्याजवळ कोण उभे होते, हा प्रश्न मुलाने विचारण्यापेक्षा त्याच्या आईबापांनी विचारणे अधिक अगत्याचे आहे. उद्योग, वैद्यक आणि विज्ञान या तीन क्षेत्रांतील तीन महाराष्ट्रीय व्यक्तींच्या आयुष्याचा मार्ग या दृष्टीने तपासून पाहावा, असा आमचा आजचा विचार आहे.

प्रथम लक्ष्मणराव किर्लोस्कर. यांचा जन्म सन १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. लक्ष्मणरावांस लहानपणापासून दोन नाद. एक चित्रांचा व दुसरा यंत्रांचा. वडील काशिनाथपंत यांस मुलाने चित्रकार व्हावे हे रुचणे शक्य नव्हते. तथापि वडील बंधू रामूअण्णा यांनी पैशांची सोय केली आणि लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे गेली आणि असे उघडकीस आले की त्यांस काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. म्हणजे ज्या विद्येसाठी घरच्यांची नाराजी पत्करली, ती विद्या त्यांच्या नेत्रांनीच नाकारली. हे दार कोणा मनुष्याने लावलेले नव्हते. ते निसर्गाने लावले होते, आणि त्यापुढे अर्ज, विनंती अथवा परिश्रम यांचा उपयोग नव्हता.

येथे एखादा पालक काय बोलला असता याची कल्पना वाचकांस सहज करता येईल. ‘सांगितले होते तेव्हा ऐकले नाहीस,’ हे वाक्य अशा प्रसंगी जिभेवर तयारच असते. परंतु रामूअण्णांनी भावाची पाठ सोडली नाही. लक्ष्मणरावांचा रंग गेला होता. रेषा मात्र शाबूत होती. यांत्रिक आरेखनास रंगाची गरज पडत नाही. तेथे माप आणि रेषा यांचेच राज्य असते. लक्ष्मणरावांनी ते हस्तगत केले, आणि मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तेच शिकवण्याची नोकरी त्यांस मिळाली. सन १८८८ पासून दोघा भावांनी बेळगावास सायकलींचा व्यापार आरंभिला. धाकट्याने मुंबईत सायकली खरीदून पाठवाव्या आणि थोरल्याने त्या बेळगावात विकून गिऱ्हाइकास बसावयासही शिकवावे, अशी वाटणी होती. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हे दुसरे दार. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. नोकरी सोडून आलेल्या मनुष्यास उभे राहण्यास तेथे जागा होती, कारण रामूअण्णांनी दुकान राखले होते.

त्यानंतरचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. कडबा कापण्याची यंत्रे झाली. मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगाव नगरपालिकेच्या नव्या योजनेत कारखान्याची जागा गेली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर माळरान व भांडवलासाठी कर्जाऊ रक्कम दिली, आणि सन १९१० मध्ये निवडुंग व सर्प यांचे वसतिस्थान असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सन १९५६ मध्ये लक्ष्मणराव निवर्तले तेव्हा त्यांच्या पश्चात यंत्रोद्योगाचा केवढा विस्तार झालेला होता हे सांगण्याची गरज नाही. आम्हांस येथे इतकेच दाखवावयाचे आहे की या मार्गावर एकामागून एक तीन दारे बंद झाली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी उभे होते. दोनदा ते सख्खे भाऊ होते. तिसऱ्या वेळी एक संस्थानिक होते.

आता वैद्यकाकडे वळू. डॉक्टर रखमाबाई यांची कथा याहून कठोर आहे, कारण त्यांच्यापुढील दार कायद्याने आणि समाजाने मिळून लावले होते. त्यांचा जन्म सन १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आईने पुनर्विवाह केला तो डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी. हे गृहस्थ वैद्य तर होतेच, शिवाय वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. माहेरीच राहून, मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून त्या शिकल्या. सन १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीवरील हक्कासाठी उच्च न्यायालयात दावा लावला. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंचा पक्ष उचलून धरला. परंतु अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की पतीगृही जावे, नपेक्षा सहा महिने तुरुंगवास भोगावा. तुरुंगवास पत्करू, परंतु जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले.

आज हा प्रसंग वाचताना त्यांचा पक्ष घेणे सोपे वाटते. तेव्हा तसे नव्हते. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही त्यांच्या विरुद्ध बाजू घेतली होती, आणि आपल्यांपैकी बहुतेकांचे पणजोबा त्याच बाजूस असावेत हे आम्ही मोकळेपणे मान्य करतो. सखाराम अर्जुन हे तर खटला चालू असतानाच, सन १८८५ मध्ये, वारले. तरीही ते घर डगमगले नाही. घरातील मुलीचे नाव वर्तमानपत्रांतून देशोदेशी गाजत असताना, ‘अब्रूसाठी जा,’ असे तिला म्हणावयाचे नाही, यास किती धैर्य लागते याचा अंदाज ज्यांनी लोकापवादाची धग सोसली आहे त्यांसच येईल. सन १८८८ मध्ये दादाजींस २,००० रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई मोकळ्या झाल्या.

परंतु मोकळे होणे म्हणजे मार्ग लाभणे नव्हे. चोवीस वर्षांची ती स्त्री. पतीगृह नाही, पदवी नाही, आणि समाजात नाव गाजलेले. येथे डॉक्टर एडिथ पीची या इंग्रज बाई पुढे झाल्या. पीची बाई मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या ज्या सात स्त्रियांस पदवी नाकारण्यात आली, त्यांतील त्या एक. ज्याच्या तोंडावर दार बंद झालेले असते त्यासच दुसऱ्याच्या मनाची अवस्था बरोबर समजते, याचे हे उदाहरण होय. त्यांच्या उत्तेजनाने आणि अनेकांनी गोळा केलेल्या निधीच्या आधाराने रखमाबाई सन १८८९ मध्ये विलायतेस गेल्या, लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, आणि सन १८९४ मध्ये पदवीधर होऊन परतल्या. त्यानंतर प्रथम सुरत व पुढे राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन तपांच्या जवळपास काळ घालवला. सन १९५५ मध्ये त्या वारल्या. ज्यांचे नाव आज कायद्याच्या इतिहासात आढळते त्या बाईंचे सारे आयुष्य वस्तुतः प्रसूतिगृहात आणि रोग्यांच्या खाटांपाशी गेले.

तिसरे उदाहरण विज्ञानातील. कमला भागवत, म्हणजेच विवाहानंतरच्या डॉक्टर कमला सोहोनी, या विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे विद्यार्थी. मुलीनेही त्याच संस्थेत संशोधन करावे ही घरची सहज इच्छा. सन १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी बंगलोरास अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. गुणांत उणेपणा नव्हता. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या महापुरुषाचा नकार म्हणजे सामान्य घरास ब्रह्मवाक्यच वाटावे. परंतु कमलाबाई बंगलोरास गेल्या, नकाराचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष परीक्षेचे समजावे, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीदेखील, काम करावे, आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू देऊ नये, अशा त्या अटी होत्या. ह्या वागणुकीची सल त्यांनी उतारवयातही लपवून ठेवली नाही.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण विद्यार्थी मुलगा की मुलगी हा भेद न मानणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर त्या संस्थेत स्त्रियांस प्रवेश मिळू लागला. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेस आवश्यक असे द्रव्य असते हे त्यांनी दाखवले, आणि अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधावर सन १९३९ मध्ये पीएच. डी. मिळवली. स्वदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह यांसंबंधीच्या त्यांच्या कामाबद्दल राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले, पण ते योग्य वेळेच्या बरेच उशिरा. म्हणजे पहिले दार उघडले म्हणून पुढील सर्व दारे आपोआप उघडली असे नाही. सन १९९८ मध्ये, त्यांच्याच सत्कारासाठी दिल्लीस भरलेल्या समारंभात, त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

ही तीन चरित्रे एकत्र मांडण्यात आमचा हेतू असा की, दार बंद झाले एवढे म्हणून भागत नाही. ते कोणी बंद केले हे पाहावे लागते. लक्ष्मणरावांचे पहिले दार निसर्गाने लावले होते. तेथे धडका मारीत बसण्यात अर्थ नसतो. हातात काय शिल्लक राहिले ते मोजून निराळ्या दिशेस वळणे हाच पुरुषार्थ. रखमाबाईंचे दार लोकरूढीने लावले होते. तेथे घराने मुलीच्या बाजूने ठाम उभे राहावे लागते, मग चार लोक काय म्हणतील ते म्हणोत. कमलाबाईंचे दार एका मनुष्याच्या ग्रहाने लावले होते. तेथे मोठ्या नावाचा दबदबा न बाळगता, नम्रपणे पण न हटता, दारातच बसून राहावे लागते. जेथे वळावयाचे तेथे जो भांडतो आणि जेथे भांडावयाचे तेथे जो वळतो, ते दोघेही फसतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास हा विवेक एकट्याने करता येत नाही. त्यासाठीच घरात वडील माणसे असतात.

आजच्या घरांपुढे एक चौथे दार आहे, ते संख्येचे. सन २०२४ च्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. आणि त्या विद्येच्या मुख्य पदवीच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखही नव्हत्या. म्हणजे स्थूलमानाने वीस मुलांमागे एकोणिसांस दार बंद होणार हे परीक्षेच्या आधीच ठरलेले होते. हा त्रैराशिकाचा प्रश्न आहे. त्यात त्या एकोणिसांच्या शीलाचा किंवा बुद्धीचा निवाडा झालेला नाही. असे असता घरोघर त्या एकोणिसांस अपराध्याप्रमाणे वागवले जाते हे पाहून आम्हांस फार वाईट वाटते.

यावर कोणी म्हणेल की तुमची उदाहरणे लाखांत एखाद्याची. आमचा बंडू काही किर्लोस्कर होणार नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच आमचे सांगणे अधिक निकडीचे आहे. संकटामुळेच माणसे मोठी होतात, असा एक गोड गैरसमज चरित्रग्रंथांनी पसरवला आहे. चरित्रे ज्यांची लिहिली जातात ते तरलेले असतात. बुडालेल्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. शिक्षकपणाच्या दीर्घ काळात आम्ही अशी मुले पाहिली आहेत की ज्यांच्यापुढे पहिलेच दार बंद झाले, आणि त्या दिवसापासून घरात त्यांच्याशी कोणी सरळ बोलले नाही. त्यांतील एकाचा बाप आठ महिने मुलाशी बोलला नव्हता. मुलगा हुशार होता; पुढे त्यास पोटापुरते कामही मिळाले; परंतु आपणांस काय करावयास आवडते हे विचारले असता तो मान खाली घालून बसे. त्यास परीक्षेने जेवढे मारले नव्हते तेवढे त्या आठ महिन्यांनी मारले. एरवी तो थोर झालाच असता असा आमचा दावा नाही. तो सुखी झाला असता, एवढे मात्र आम्ही खात्रीने म्हणतो.

तेव्हा ज्या घरांत या वर्षी पेढे आणले गेले नाहीत, तेथील वडीलधाऱ्यांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली ही की पहिले आठ दिवस मुलाच्या भवितव्याविषयी अवाक्षर काढू नये. त्याच्या जेवणाखाण्याची व झोपेची मात्र काळजी घ्यावी. दुसरी ही की, शिकवणीवर्गांसाठी आपण जो पैसा उभा करतो त्यातील काही भाग आधीपासूनच बाजूस ठेवावा, आणि तो दुसऱ्या वाटेसाठी आहे हे मुलास परीक्षेपूर्वीच सांगावे. रामूअण्णांनी राखलेले दुकान ते हेच. आणि तिसरी ही की, नंतर निवांतपणे मुलाजवळ बसून त्यास विचारावे: तुझा रंग गेला असेल, पण रेषा कोणती राहिली आहे? जीवशास्त्राच्या अभ्यासात वैद्य होण्यापलीकडेही पुष्कळ काही आहे. गणिताच्या अभ्यासात अभियंता होण्यापलीकडेही आहे. आणि ज्याला या दोहोंत रस नाही त्याच्या हातांत सुतारकामापासून संगीतापर्यंत एखादे कौशल्य असू शकते. तीन वर्षांच्या कष्टांतून मुलाने काहीच कमावले नाही असे कधी होत नाही. ते शोधून त्याच्या पुढे ठेवणे हे आईबापांचे काम आहे, कारण त्या दिवसांत त्याच्या स्वतःच्या दृष्टीस ते पडत नाही.

मुलींच्या बाबतीत एक शब्द अधिक. मुलापुढे दार बंद झाले तर आपण त्यास दुसरे दार दाखवतो; मुलीपुढे झाले तर अजूनही काही घरांत विवाहाचे दार दाखवले जाते आणि त्यासच सोय म्हटले जाते. वर सांगितलेल्या तीन व्यक्तींत दोन स्त्रिया आहेत, हे अशा घरांनी लक्षात ठेवावे.

कोणाचा मुलगा वा मुलगी पुढे किती मोठी होईल हे आईबापांच्या हाती नाही. निकालाच्या दिवशी संध्याकाळी त्याला जेवावयास हाक कोणत्या स्वरात मारावयाची, हे मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती आहे.